मधल्या धारेची बाटली

(धुळ्यातल्या एका गुरांच्या दवाखान्यात परिचर असलेल्या शोभाअक्का यांनी बोलता बोलता सांगितलेलं. त्यांच्याच शब्दांत.)

माझं माहेर पारोळ्याकडचं, गाव लहान, आणि आमच्या घरी म्हशी, म्हणजे बाप शेतात आणि म्हशी आईच्या आणि आमच्या तिघी बहिणींच्या गळ्यात, त्यामुळे शाळा सातवीपर्यंत झाली तीच खूप झाली. आईची एक सवय होती, दूध काढायला बसायच्या आधी म्हशीला मुतवून घ्यायची, नाहीतर ऐन धार काढताना ती सोडणार आणि बादलीत उडणार. ते काम माझ्याकडे. शेपटीखाली, लघवीच्या जागेच्या जरा खालच्या अंगाला, तळहातानं हळूहळू चोळायचं, जोर नाही लावायचा, घाई नाही करायची, की म्हैस पाठ वाकवते, शेपटी उचलते आणि मोकळी होते. सात-आठ वर्षांची होते मी तेव्हा. ह्याच हातावर पुढे नोकरी लागणार आहे असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर आई हसून हसून पडली असती.

लग्न होऊन धुळ्याला आले. मालक रिक्षा चालवतात, अजून चालवतात. पोरगी झाली, एकच, वैशाली. ती शाळेत जायला लागली तशी मी गुरांच्या दवाखान्यात रोजंदारीवर झाडायला लागले. दवाखान्याचं नाव नका लिहू बरं का, उगाच साहेब लोकांना वाटेल अक्का बोलत सुटली. तर एक दिवस काय झालं, एक म्हैस आलेली, साहेबांना, म्हणजे आमच्या डॉक्टरांना, तपासायला तिची लघवी पाहिजे होती, आणि तास झाला ती काही देईना. म्हशीचा मालक शीळ घालतोय, कंपाउंडर पाणी शिंपडतोय, दुसरा एक शहाणा तिच्यासमोर बादलीतून पाणी ओततोय, का तर आवाज ऐकून तिला आठवण होईल. मी झाडू बाजूला ठेवला, म्हटलं सरका. दोन मिनिटांत बाटली भरून दिली. साहेब म्हणाले, बाई, उद्यापासून झाडू दुसऱ्याला द्या. झालं. तेव्हापासून बावीस वर्षं मी ढोरांच्या मागे बाटली घेऊन उभी शे.

आता नोकरी कायम झाली, साहेबांनी हळूहळू लघवी तपासायचं बी शिकवलं, पण लोकांना सांगायची सोय नाही हो. कॉलनीत बायका विचारतात, अक्का तुम्ही दवाखान्यात नेमकं काय करता? काय सांगू? आमच्या मालकांचे रिक्षावाले दोस्त तर मला मूतवाल्या वहिनीच म्हणायचे, तोंडावर नाही, मागे. वैशालीला पहिलं स्थळ आलं तेव्हा पाहुण्यांनी विचारलं आई काय करते, तर मालक पटकन म्हणाले, प्रयोगशाळेत आहे. मी आतून चहा घेऊन येत होते, मला हसू बी आलं आणि राग बी आला. अहो, डॉक्टर काय डोळे मिटून औषध देतो का? माणूस सांगतो मला इथं दुखतं, तिथं दुखतं. ढोर काय सांगणार? त्याचं जे काही सांगणं आहे ते ह्याच बाटलीत. पण नाही, बाटलीला नाक मुरडायचं.

आणि लोक आणतात काय, ते विचारू नका. आम्ही सांगून सांगून थकलो की बाटली कोरडी, स्वच्छ, उकळून घेतलेली पाहिजे. एकानं मधाच्या बाटलीत आणली, तळाला मध तसाच, आणि तपासली तर साखर भरपूर. साहेब म्हणाले बैलाला मधुमेह कसा झाला? एकानं खोबरेल तेलाच्या, वर तेल तरंगतंय. एक जण गोठ्यातल्या खड्ड्यातलं उपसून घेऊन आला, त्यात शेण, त्यात काडी, त्यात चार ढोरांचं मिळून मिसळून, आणि वर मलाच विचारतो, अक्का, ह्यातून तांबड्या गायीचं तेवढं वेगळं काढता येईल ना? एक रिटायर मास्तर आहेत आमच्या भागातले, त्यांचं कुत्रं आजारी, तर ते पंधरा दिवस कुत्र्यामागे आमटीचा डाव घेऊन फिरले, कुत्र्यानं पाय उचलला की डाव पुढे, डाव दिसला की कुत्र्यानं पाय खाली. शेवटी कुत्रं डावाला इतकं घाबरलं की घरात आमटी वाढली तरी पलंगाखाली जायचं. आणि काही जण तर सोमवारी सकाळी घेतलेली लघवी बुधवारी घेऊन येतात, उन्हातून, गाडीच्या डिकीतून. झाकण उघडलं की डोळ्यातून पाणी. मग मी ओरडते. मग ते साहेबांकडे तक्रार करतात, की बाई फार बोलतात.

बोलणार नाही तर काय करणार? सोपं काम शे हो. जागा पाण्यानं धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, कारण तिच्यासोबत बठ्ठी, म्हणजे सगळी, बाहेरची घाण येते, मधली धार बाटलीत धरायची, शेवटची सोडायची. झाकण लावायचं, ढोराचं आणि मालकाचं नाव लिहायचं, आणि तास-दोन तासात आमच्याकडे. लांबून यायचं असेल तर बर्फात ठेवायची. फ्रीजमध्ये ठेवली तर अजून थोडी टिकते, आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायची असली तर आम्ही वरून टिकवायच्या औषधाचे दोन थेंब टाकतो. मग मी आधी रंग बघते, वास बघते, फेस बघते, लिटमसचा कागद बुडवते, मशीनमध्ये फिरवून खाली काय बसतं ते काचेवर घेऊन बघते. आणि ताजी व्यालेली गाय असली तर आम्ही जिला अंगठीची तपासणी म्हणतो ती. नळीत तपासणीचं एक पांढरं मीठ आणि लघवी हलवायची, मग कडेकडेनं अमोनिया सोडायचा. दोन्ही जिथं भेटतात तिथं जांभळं कडं उमटलं, की गाय आतून आपलीच चरबी जाळतेय असं समजायचं. चारा सोडते, दूध आटतं, तोंडाला गोडसर वास येतो. लवकर कळलं तर ग्लुकोजच्या सलाईनीवर उभी राहते. उशीर झाला तर बसते, आणि बसली की मग उठत नाही. हे तुम्हाला एवढं सविस्तर का सांगते, तर पुढचं कळावं म्हणून.

वैशालीला भडगावजवळच्या गावात दिली. जावई निलेशराव, माणूस चांगला, शेती कपाशीची. घरात सासरे, त्यांना बठ्ठेच आबा म्हणतात, आबा बोलले की संपलं, आणि सासू, म्हणजे माझ्या विहीणबाई, त्या बोलतच नाहीत. खरंच सांगते, चार वर्षांत मी त्यांना आबांसमोर दोन वाक्यं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. सकाळी आंघोळ, तुळस, उंबरा, चूल, शेत, परत चूल. घरात एक गावरान गाय आहे, तिची पूजा त्याच करतात.

माझी पोरगी पडली माझ्यासारखी, तिला ढोरांचं वेड. कपाशी निंदायला जाण्यापेक्षा मी दोन जर्सी गायी करते म्हणाली. आमच्याकडे गाय काळी-पांढरी असो का लाल, विलायती म्हटली की जर्सीच म्हणतात. आबांना ते पसंत नव्हतं. वर्षभर ती मागे लागली, निलेशराव तिच्या बाजूनं बोलले, तेव्हा कुठे आबा म्हणाले आण, पण एक जरी मेली तरी दुसरीबी त्याच दिवशी इकीन आणि तू परत शेतात. असं चार माणसांत सांगितलं. पोरगी म्हणाली कबूल. दोन वर्षं छान चाललं हो. डेअरीत दूध घालायला स्वतः स्कूटीवर जायची, डेअरीवाला तिला ताई म्हणून हाक मारायचा, गावातल्या दोन सुना तिच्याकडे विचारायला यायच्या की आम्हीबी घेऊ का. फोनवर बोलायची तर गायींबद्दलच, नवऱ्याबद्दल मी विचारायचं.

मागच्या वर्षी त्यातली मोठी गाय व्याली आणि तीन आठवड्यांनी चारा सोडला. दूध निम्म्यावर. तालुक्याचा डॉक्टर आला, तरुण पोरगा, हुशार. तो म्हणाला मला वाटतं हिची चरबी जळतेय, पण लघवी तपासून खात्री करू, माझ्याकडचं औषध संपलंय तपासायचं. वैशालीनं मला फोन केला. मी म्हटलं त्यात काय, पाठव इकडे, मी बघते. बाटली उकळ, मधली धार धर, बर्फात ठेव. ती म्हणाली, मम्मी, मी आजच बाहेर बसली. म्हणजे पाळी हो. त्या घरात चार दिवस सून बाजूला बसते, चुलीला नाही, देवाला नाही, आणि गावरान गाय गोठ्यात म्हणून गोठ्यालाही नाही. मी फोनवरच ओरडले, की गाय बी बाईच शे ना, तिला कुठे विटाळ होतो. पण ओरडून काय, घर त्यांचं. ती म्हणाली आत्याबाईंना, म्हणजे सासूला, सांगते, त्या धरून देतील.

दुपारी निलेशराव मोटारसायकलवर हजर. काय सांगू तुम्हाला, इतकी व्यवस्थित बाटली बावीस वर्षांत कोणी आणली नव्हती. बाटली उकळलेली, झाकण घट्ट, वर नाव, गायीचं वय, व्याल्याची तारीख, थर्मासमध्ये बर्फ. मी सगळ्यांना दाखवली, बघा रे, ह्याला म्हणतात आणणं, माझे जावई आहेत. फुगून गेले होते मी. आणि बाटली उघडली तर लघवी लाल.

लाल लघवी म्हणजे रक्त, नाहीतर रक्त आतल्या आत फुटतंय. अंगठीची तपासणी केली, कडं नाही. परत केली, नाही. मशीनमध्ये फिरवली, खाली काहीच बसलं नाही, अगदी नितळ. रक्त असतं तर खाली बसलं असतं, म्हणजे रक्त फुटलेलं. ताज्या व्यालेल्या ढोराला शरीरातलं फॉस्फरस कमी पडलं की असं होतं. रक्ताची पट्टी लावली असती तर तिथंच कळलं असतं, पण पट्ट्यांची डबी संपून महिना झाला होता, मागणी लिहून पाठवलेली, कागद कुठं फिरतोय देव जाणे. साहेब शिबिराला गेलेले. मी त्यांना फोनवर सांगितलं काय दिसतंय ते, ते म्हणाले तू म्हणतेस तर तसंच असेल. आणि मी डॉक्टरला फोन करून सांगितलं, छातीवर हात ठेवून सांगितलं, कडं नाहीच, ग्लुकोज नको, लाल लघवीचा इलाज करा. तो म्हणाला अक्का, पण तोंडाला वास येतोय. मी म्हटलं, साहेब, वासावर जाता का तपासणीवर?

रंग जरा नारिंगी होता. फेस पिवळा होता. मला ते दिसलं होतं, खोटं कशाला बोलू. पण बाटली इतकी चांगली आलेली, आपल्या माणसानं आणलेली, त्यात काही चूक असेल असं मनातच आलं नाही. दुसऱ्या कोणाची असती तर दहा प्रश्न विचारले असते, कोणी धरली, कशात धरली, कोणत्या ढोराची. जावयाला चहा पाजला आणि पाठवून दिलं.

तीन दिवस गायीला भलताच इलाज झाला. चौथ्या दिवशी वैशालीचा फोन, रडत होती. मम्मी, गाय उठायला मागत नाही, आबांनी व्यापाऱ्याला सांगून ठेवलं, रविवारी दोन्ही गायी न्यायला येतोय. एक मेली तर दुसरीला गिऱ्हाईक नाही म्हणतात, आताच काढू. मी रजा टाकली. पिशवीत नळी, ते मीठ, अमोनियाची शिशी फडक्यात गुंडाळून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली. पारोळ्याला गाडी बदलायची तर तिथं तासभर दुसरी नाही. त्या कंट्रोलरशी बी भांडले मी, त्याचा काय दोष होता?

पोचले तेव्हा सकाळचे नऊ झाले असतील. अंगणात आबा खाटेवर, निलेशराव, तो तरुण डॉक्टर, आणि शेजारचे दोघं-तिघं, ढोर मरायला टेकलं की माणसं आपोआप जमतात. वैशाली त्या दिवशी डोक्यावरून न्हायलेली, केस ओलेच, ओट्यावर उभी. आणि गोठ्यात विहीणबाई. मी आत गेले आणि बघते तर काय, त्या आपल्या गावरान गायीचं गोमूत्र तांब्यात धरतायत. रोजचंच, उंबऱ्यावर शिंपडायला. धरलं, त्यात चिमूटभर हळद टाकली, एक तुळशीचं पान टाकलं, बोटानं ढवळलं, आणि जुन्या मऊ लुगड्याच्या कापडाची सात पदरी घडी करून तिच्यातून दुसऱ्या तांब्यात गाळलं. माझ्या डोळ्यांसमोर ते पिवळ्याचं लाल झालं.

हळदीच्या हाताला साबण लावला की हात लाल होतो, हे कोणत्या बाईला माहीत नाही? आणि गायीची लघवी ही साबणासारखीच, लिटमसचा कागद तिच्यात निळा होतो, रोज माझ्या हातानं मी तो निळा करते. बावीस वर्षं. मला तिथल्या तिथं बसावंसं वाटलं. मी हळूच विचारलं, विहीणबाई, त्या दिवशी बाटलीत काय दिलं होतं? त्या म्हणाल्या, हेच तं. तुम्हीन गोमूत्र मांगं व्हतं ना? मी म्हटलं, पण आजारी गाय ती तिकडची. तर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या जशी मीच खुळी. म्हणाल्या, जर्सीनं कोठे गोमूत्र ऱ्हास का? आणि दवाखानामा तसं घान कसं धाडानं, म्हणून गाळी दिधं.

म्हणजे जर्सीचं ते त्यांच्या लेखी गोमूत्रच नाही, म्हणून गाय दुसरी, त्यात हळद घातलेली आणि वरून सात पदरी गाळलेलं. आजारी गायीचा एक थेंब त्या बाटलीत नव्हता. कडं कुठून उमटणार आणि खाली काय बसणार? आणि बाईनं केलं सगळं चांगल्या मनानं, दवाखान्यात पाठवायचं म्हणून उलट जास्त सोवळ्यानं केलेलं. मला इतका राग आला, इतका राग आला, की जीभ दाताखाली धरली आणि तशीच बाहेर आले.

वैशालीला म्हटलं चल, आता तुला कोणी अडवत नाही. गाय बसलेली. चौघांनी मिळून उभी केली, थरथरत होती. मी मागे गेले, जागा धुतली, हात लावला. अहो, ह्या हातानं किती ढोरं मोकळी केली त्याचा हिशेब नाही, आणि ती गाय काही देईना. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. आबा खाटेवरून म्हणाले, एवढी धुळ्याहून बाई आली आणि गाय मुतेना. लोक हसले. माझा हात राग भरून गरम झालेला असणार, ढोराला ते कळतं. मग वैशाली म्हणाली, मम्मी सरक. तिनं गायीच्या पाठीवर गाल टेकवला, कायतरी पुटपुटली, आणि हात लावला. चार दिवसांनी तिचा हात लागला होता गायीला. गायीनं पाठ वाकवली. पहिली धार गेली, मधली मी बाटलीत धरली.

पिवळीधम्मक. लाल रंगाचं नाव नाही. तिथंच अंगणात खाटेच्या कडेला नळी धरली, मीठ टाकलं, हलवलं, अमोनिया कडेनं सोडला. सगळे वाकून बघतायत. आणि असं जांभळं कडं उमटलं, असं गडद, की डॉक्टर पोरगा लगेच पिशवी उघडून ग्लुकोजच्या बाटल्या काढायला लागला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही, तेवढी त्यानं माझी लाज राखली.

आता आबा उठले. मला म्हणाले, विहीणबाई, एक सांगा. गाय तीच, मग त्या दिवशी लाल कशी होती? तीन दिवस वाया गेले, ढोर मरायला टेकलं, ते कोणामुळे?

काय सांगू तुम्हाला. सगळं अंगण माझ्याकडे बघतंय, आणि गोठ्याच्या दारात माझ्या विहीणबाई, हातात तो तांब्या तसाच. त्यांना तोवर कळलं होतं. त्यांचं तोंड पाहिलं मी. त्या बाईला तीस-पस्तीस वर्षं त्या घरात झालेली, आणि चार माणसांत आबा आता तिला काय काय बोलणार ते तिच्या डोळ्यात आधीच दिसत होतं. आणि वैशाली माझ्याकडे बघत होती, तिला अजून काहीच माहीत नव्हतं. माझ्या मनात आलं, खरं सांगितलं तर मी सुटले. पण मी संध्याकाळच्या गाडीनं धुळ्याला जाणार, आणि माझी पोरगी ह्याच चुलीपुढे ह्या बाईसोबत जन्म काढणार. आईच्या तोंडून सासूची इज्जत गेली तर सून त्या घरात कशी राहील? गायी राहतील, पण ती?

मी म्हटलं, आबा, चूक माझी. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती, माझ्या हातून बाटल्यांची अदलाबदल झाली. दुसऱ्याच ढोराची तपासली मी.

हे बोलताना मला किती जड गेलं ते तुम्हाला नाही कळायचं. बावीस वर्षांत एक बाटली बदलली नाही हो माझ्याकडून. एक नाही. सगळ्यांवर ओरडणारी, नाव लिहा, तारीख लिहा म्हणून लोकांचा जीव घेणारी मी, आणि माझ्याच तोंडानं सांगितलं की मी बाटली बदलली. चूक माझीही होतीच म्हणा, विचारायला पाहिजे होतं ते विचारलं नाही. पण ही चूक ती नव्हती. आबा म्हणाले, वा, सरकार पगार देतं याच्यासाठी? लोक परत हसले. मी खाली मान घालून नळी धूत बसले.

गाय तिसऱ्या दिवशी चाऱ्याला लागली. पण आबांच्या डोक्यातून निघालं नव्हतं. रविवारी व्यापारी आलाच टेम्पो घेऊन. हे मला वैशालीनं सांगितलं, मी तिथं नव्हते. आबा म्हणाले अशक्त ढोराचा काय भरवसा, घेऊन जा दोन्ही. व्यापाऱ्यानं दाव्याला हात घातला. आणि विहीणबाई चुलीपुढून उठून आल्या, राखेचे हात तसेच, आणि दाव्यावर पाय देऊन उभ्या राहिल्या. आबांकडे बघून म्हणाल्या, ढोरं वैशालीना शेतस. इकानं का ठेवानं ते तीच सांगी. आबा म्हणाले तुले काय कळस? तर म्हणाल्या, माले कळस ते माले माहीत शे, पाय सरकाडाव नई. व्यापारी रिकामा टेम्पो घेऊन गेला. आबा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत, त्यानं काय मोठं बिघडलं?

आता त्या गोठ्यात चार जर्सी आहेत आणि एक कालवड. विहीणबाई त्या दिवसाबद्दल माझ्याशी आजवर एक अक्षर बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही, आणि वैशालीला अजून वाटतं की आईनंच घोळ केला. तुम्हाला पहिल्यांदा सांगते, छापाल तर गावाचं नाव टाकू नका. कुठल्या लग्नाला, बारशाला गेले की आबा चार पाहुण्यांना गोळा करून सांगतात, ह्या आमच्या विहीणबाई, धुळ्याच्या मोठ्या तपासणीवाल्या, ह्यांनी आमची गाय मारलीच होती. लोक हसतात. खरं काय ते अगदी जिभेच्या टोकावर येतं. तेवढ्यात विहीणबाई कुठून तरी येतात, माझ्या ताटात न विचारता अजून एक पुरणपोळी ठेवतात आणि वर तूप ओतत राहतात, ओतत राहतात, मी पुरे म्हटलं तरी. मी खाते. नोकरीची दोन वर्षं राहिली, हा डाग घेऊनच रिटायर होणार, होऊ दे. पोरगी तिच्या गोठ्यात सुखाची राहो, आणि तिची सासू शंभर वर्षं जगो.